न्यू जर्सीत कॅनाबिसचं दुकान : गावाची परवानगी कशी मिळते आणि कुठे अडते

जागा आधी घेतली आणि गावाचा नियम नंतर वाचला, एवढ्या एका गोष्टीपायी आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं सात महिन्यांचं भाडं बुडालं. मिडलसेक्स काउंटीत त्यांचं १८ वर्षांचं दारूचं दुकान आहे. परवाने, तपासण्या, पालिकेच्या चकरा यातलं काही त्यांना नवं नव्हतं. दारूच्या परवान्याला शाळेपासून किंवा प्रार्थनास्थळापासून २०० फुटांचं अंतर लागतं आणि ते माणूस पायी ज्या वाटेने जाईल त्या वाटेने, दारापासून दारापर्यंत मोजतात. त्यांनी कॅनाबिसच्या, म्हणजे गांजाच्या, दुकानासाठीही तसंच मोजलं. त्या गावाच्या नियमात मात्र अंतर प्लॉटच्या हद्दीपासून हद्दीपर्यंत, सरळ रेषेत होतं. मागच्या गल्लीतलं पाळणाघर त्या रेषेच्या आत येत होतं.

“वहिनी, लायसन्स देणार ट्रेंटन. मग यात गावाचा काय संबंध?” ट्रेंटन म्हणजे राजधानी, राज्य सरकार. हा प्रश्न त्यांनी मला विचारला तेव्हा करारावर सही होऊन चार महिने झाले होते.

गावाचाच संबंध सगळ्यात मोठा आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. २०२१ च्या उन्हाळ्यापासून मी आमच्या आणि आसपासच्या गावांच्या काउन्सिलच्या, बोर्डांच्या सभांना जाऊन बसते. आमच्या मुलांच्या शाळेच्या रस्त्यावर असं एक दुकान येऊ घातलं होतं, तिथून हे सुरू झालं. पुढे दुकान काढायचं ठरवलेले लोकही विचारायला येऊ लागले. दोघांनाही त्याच कायद्यातून, त्याच सभागृहातून जावं लागतं, म्हणून दोघांसाठी एकत्रच सांगते. मी वकील नाही. कुठल्याही सहीआधी न्यू जर्सीत वकिली करणारं माणूस हवंच. पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं हे माहीत असलं तर पैसे आणि महिने दोन्ही वाचतात.

पहिली पायरी : घरातल्या सगळ्यांचे व्हिसा

जागा, भांडवल, भागीदार हे सगळं नंतर. आधी घरात कोणाचं काय स्टेटस आहे ते कागदावर लिहून काढा. राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्राच्या कायद्यात कॅनाबिस हा नियंत्रित अमली पदार्थ आहे, आणि इमिग्रेशन हा केंद्राचा विषय आहे.

यूएससीआयएसने, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने, एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट सूचना काढल्या. राज्यात कायदेशीर असलेल्या कॅनाबिस उद्योगातली साधी नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीला बाधक ठरू शकते. म्हणजे ग्रीनकार्ड असलेला मुलगा कॉलेजच्या सुट्टीत अशा दुकानाच्या काउंटरवर उभा राहिला, तर पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत त्याला तो प्रश्न येऊ शकतो.

व्यवसायात मालक किंवा भागीदार असणाऱ्यांसाठी याहून कडक कलम आहे. अमली पदार्थांच्या व्यापारात माणूस सामील आहे असं मानायला कारण आहे, एवढं अधिकाऱ्याला वाटलं तरी देशात प्रवेश नाकारता येतो. त्यासाठी खटला किंवा शिक्षा झालेली असावी लागत नाही. नवरा किंवा बायको आणि मुलं यांनाही हे लागतं: मागच्या ५ वर्षांत त्या पैशाचा त्यांना लाभ झाला असेल आणि पैसा कुठून येतो हे त्यांना ठाऊक असेल, किंवा ठाऊक असायला हवं होतं असं दिसलं, तर तेही अडकतात. एच-१बी वर असलेल्या कुणी ‘नुसते पैसे गुंतवतो, नाव बायकोचं’ म्हटलं की मी हे कलम पुढे ठेवते.

केंद्राच्या यादीत कॅनाबिसला पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टातून तिसऱ्या, सौम्य परिशिष्टात आणण्याची प्रक्रिया २०२४ मध्ये अधिकृतपणे सुरू झाली, तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता ही अडचण संपेल. तिसऱ्या परिशिष्टातला पदार्थही नियंत्रित पदार्थच असतो, त्यामुळे इमिग्रेशनच्या दृष्टीने एवढ्याने सुटका होत नाही. घरात एकजण जरी नागरिक नसेल तर कॅनाबिसचा वकील गाठण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठा. त्याने ‘नको’ म्हटलं तर इथेच थांबा. त्या सल्ल्याची फी ही या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त रक्कम असेल.

दुसरी पायरी : गाव ‘हो’ म्हणणारं आहे का

नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी सुमारे ६७ टक्के मतांनी प्रौढांसाठी कॅनाबिस कायदेशीर करायला कौल दिला. २२ फेब्रुवारी २०२१ ला गव्हर्नर फिल मर्फी यांनी कायद्यावर सही केली आणि २१ एप्रिल २०२२ ला पहिल्या दुकानांत विक्री सुरू झाली. वयाची अट २१ वर्षं. एका खरेदीत एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमपर्यंतच मिळतं. घरी रोप लावणं आजही गुन्हा आहे.

हे राज्याचं झालं. त्याच कायद्याने प्रत्येक म्युनिसिपालिटीला १८० दिवस दिले होते: २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत ऑर्डिनन्स (गावाचा कायदा) करून नको ते धंदे बंद ठेवा. राज्यात साडेपाचशेहून अधिक गावं आहेत, त्यातल्या सुमारे ४०० गावांनी ‘नको’ म्हटलं. ज्या आठवड्यात मतदारांनी भरभरून कौल दिला, त्यानंतर नऊ महिन्यांत बहुसंख्य गावांनी दार लावून घेतलं, आणि पुष्कळ रहिवाशांना त्याचा पत्ताही नव्हता. आमच्या गावच्या त्या सभेला प्रेक्षकांत आम्ही अकराजण होतो.

महाराष्ट्रातून आलेल्यांना इथे आडव्या बाटलीची आठवण होईल. तिकडे दारूचं दुकान बंद करण्यासाठी वॉर्डातल्या किंवा गावातल्या स्त्रिया मतदान मागू शकतात आणि ठरलेल्या प्रमाणात मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होतं. न्यू जर्सीत कॅनाबिससाठी असं थेट मतदान सहसा होत नाही. निर्णय काउन्सिलचे निवडून आलेले सदस्य घेतात. त्यामुळे लोकांचा जोर चालतो तो मुख्यतः सभेतल्या बोलण्यातून आणि निवडणुकीतून.

शोध घ्यायचा तो असा. गावाच्या वेबसाइटवर ‘कोड’ नावाचं पान असतं, त्यात कॅनाबिस शब्द शोधा. सापडलं नाही तर म्युनिसिपल क्लार्कला, म्हणजे गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा. क्लार्क हे इथल्या गावकारभारातलं सगळ्यात उपयोगी पद आहे, आणि माझ्या अनुभवात नीट विचारलं तर नीट उत्तर मिळतं. दोन शब्दांतला फरक आधी समजून घ्या, कारण लोक इथे हमखास गोंधळतात. ऑर्डिनन्स म्हणजे गावाचा कायदा, आपल्याकडच्या पालिकेच्या उपविधीसारखा. त्याची दोन वाचनं होतात आणि दुसऱ्या वाचनाला जनसुनावणी घ्यावीच लागते. ठराव एका सभेत एका मतदानाने होतो. धंद्याला गावात जागा आहे की नाही हे ऑर्डिनन्स सांगतो. तुमच्या अर्जाला गावाचा पाठिंबा आहे का, हे ठराव सांगतो. पहिल्याशिवाय दुसऱ्याला काही अर्थ नाही.

ऑर्डिनन्स वाचताना ‘कॅनाबिसला परवानगी आहे’ या वाक्यावर थांबू नका. राज्याचे परवाने ६ वर्गांचे आहेत: लागवड, उत्पादन, घाऊक विक्री, वितरण, किरकोळ विक्री आणि घरपोच सेवा. किरकोळ दुकान हा पाचवा वर्ग. कित्येक गावांनी औद्योगिक भागात लागवडीला ‘हो’ आणि दुकानाला ‘नाही’ म्हटलं आहे. घरपोच सेवा मात्र कोणतंही गाव अडवू शकत नाही. परवानाधारक दुकानातून रहिवाशाच्या दारात माल येतोच. ‘आमच्या गावात बंदी आहे’ असं म्हणणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम सांगते, कारण बंदीने अडतं ते फक्त दुकान.

आणखी एक खाच आहे. २०२१ च्या मुदतीत ज्या गावांनी काहीच केलं नाही, तिथे कायद्याने आपोआप किरकोळ दुकानाला व्यापारी भागात ‘सशर्त वापर’ (अटी पाळल्या तर चालणारा वापर) म्हणून जागा मिळाली आणि पुढची ५ वर्षं गावाला बंदी घालता येत नाही. ज्यांनी ‘नको’ म्हटलं होतं ते मात्र कधीही ‘हो’ म्हणू शकतात. ही ५ वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरतात आणि १८० दिवसांची मुदत पुन्हा खुली होते. कुठल्याही गावात दीर्घ मुदतीचा भाडेकरार करण्याआधी हा प्रश्न लेखी विचारा, आणि मागच्या सहा महिन्यांतल्या सभांचे मिनिट्स (इतिवृत्त) वाचा. काउन्सिलचा कल तिथे दिसतो.

तिसरी पायरी : फूट, दारं आणि शेजार

दुकानांची संख्या, जागा, पद्धत आणि वेळा ठरवण्याचा अधिकार कायद्याने गावाला दिला आहे, आणि गावोगावी तो इतका वेगळा वापरला गेला आहे की एका गावाचा अनुभव दुसऱ्याला लावणं धोक्याचं. जर्सी सिटीत दोन दुकानांमध्ये ६०० फूट आणि शाळेपासून २०० फूट असं सूत्र आहे, आणि अर्जांसाठी स्वतःचं कॅनाबिस कंट्रोल बोर्ड आहे. होबोकेनने वादावादीनंतर दुकानांच्या संख्येवरच मर्यादा घातली. लहान गावांत बहुतेकदा एक किंवा दोनच परवाने असतात. ते दिले गेले की तुमची जागा कितीही चांगली असो, दार बंद.

म्हणून जागा बघायला जाताना ऑर्डिनन्सची छापील प्रत हातात ठेवा आणि या गोष्टी तिच्यातूनच काढा. अंतर कशापासून मोजायचं: फक्त शाळा, की पाळणाघर, उद्यान, प्रार्थनास्थळ, व्यसनमुक्ती केंद्रही? कसं मोजायचं: दारापासून की हद्दीपासून, सरळ रेषेत की पायवाटेने? शेजारच्या गावातली शाळा धरायची का? पार्किंगच्या किती जागा लागतात? अंतराचा दाखला परवानाधारक सर्व्हेयरकडून घ्या. गूगल नकाशावरच्या रेषेवर विसंबून एकही डॉलर देऊ नका. आमच्या त्या गृहस्थांनी सर्व्हेयरचे पैसे वाचवले, आणि त्यांना किती पडलं ते वर सांगितलंच.

ओकट्री रोडवर किंवा जर्नल स्क्वेअरला, या भारतीय बाजारपेठांत, ज्यांची किराणा, दारू किंवा खाण्याची दुकानं आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्याजोगी: कायद्यानुसार किराणा, डेली (तयार खाणं विकणारं छोटं दुकान) किंवा खाद्यपदार्थ विकणाऱ्या दुकानाच्या जागेत, तसंच दारूविक्रीच्या दुकानाच्या जागेत कॅनाबिसचं दुकान चालवता येत नाही. ‘दुकानाचा मागचा अर्धा भाग वेगळा करू’ ही कल्पना मी निदान चारजणांकडून ऐकली आहे. ती सोडून द्या.

जागामालकालाही आधी सगळं उघड सांगा. इमारतीवर कर्ज असेल तर त्या करारात केंद्राच्या कायद्याविरुद्धचा वापर करणार नाही अशी अट बहुतेक वेळा असते, आणि अमली पदार्थांसाठी जागा देण्याबद्दल केंद्राचं वेगळं कलमही आहे. बँकेने हरकत घेतली तर मालक मागे फिरेल, आणि तोवर तुमचा आराखड्यावरचा खर्च झालेला असेल. करारात एक कलम हट्टाने घाला: गावाचा पाठिंबा, बोर्डाची मंजुरी किंवा राज्याचा परवाना यातलं काहीही नाकारलं गेलं तर करार रद्द आणि अनामत परत. मालक नाही म्हणाला तर दुसरी जागा बघा. आधी भाडं कमी आणि परवाना मिळाल्यावर पूर्ण, अशी रचना पुष्कळ मालक मान्य करतात.

चौथी पायरी : पाठिंब्याचा ठराव

राज्याच्या कॅनाबिस रेग्युलेटरी कमिशनकडे, म्हणजे सीआरसीकडे वार्षिक परवान्याचा अर्ज करताना तीन गोष्टी लागतात: जागेवर तुमचा ताबा, जागा झोनिंगमध्ये (कोणत्या भागात कोणता वापर चालतो या नियमांत) बसते असा गावाचा दाखला, आणि गावाच्या पाठिंब्याचा पुरावा. तिसऱ्यासाठी बहुतेक ठिकाणी काउन्सिलचा ठराव असतो. ज्या गावात एकच परवाना आणि नऊ इच्छुक असतात, तिथे खरी स्पर्धा याच ठरावासाठी असते.

काही गावं त्यासाठी प्रस्ताव मागवतात, गुण देतात, मुलाखती घेतात. काही ठिकाणी आधी आला त्याला आधी. कोणती पद्धत आहे ते ऑर्डिनन्समध्ये असतं किंवा क्लार्क सांगतो. प्रस्तावात गाव काय शोधतं हे सभांना बसून मला जे कळलं ते सांगते. सुरक्षेचा आराखडा जाडजूड असण्यापेक्षा त्यात गावच्या पोलिसांशी झालेल्या बोलण्याची खूण असावी. रहदारीचा अभ्यास शनिवारी दुपारचा असावा, कारण सगळ्या हरकती त्याच वेळेच्या असतात. वासाचा बंदोबस्त कसा करणार ते यंत्राच्या नावानिशी लिहावं. आणि शेजाऱ्यांना तुम्ही सभेआधी भेटलेले असावं. एका अर्जदार बाईंनी दुकानाच्या रांगेतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन आपला फोन नंबर दिला होता. सुनावणीला तिथल्या एका आजोबांनी उभं राहून सांगितलं, “मला दुकान नको आहे, पण ही बाई माझा फोन उचलते.” तो ठराव एकमताने झाला.

इथे पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘गावच्या उपक्रमाला देणगी’ असा सूर कुठून आला तर ताबडतोब वकिलाला सांगा. जे द्यायचं ते ऑर्डिनन्समध्ये लिहिलेल्या फी आणि करापुरतंच, चेकने, पावतीसह. तोंडी आश्वासन कुणालाही देऊ नका. ज्या गावात नियमाबाहेरच्या पैशाशिवाय काम होत नाही असं दिसेल, ते गाव सोडायला एवढं कारण पुरेसं आहे.

राज्याकडे दोन रस्ते आहेत हेही इथेच समजून घ्या. वार्षिक परवान्याला जागा आणि गावाची संमती आधी लागते. सशर्त परवान्याला सुरुवातीला जागा लागत नाही. मात्र तो फक्त मर्यादित उत्पन्नाच्या मालकांसाठी आहे: मागच्या करवर्षात एकट्याचं उत्पन्न २ लाख डॉलर किंवा जोडप्याचं ४ लाख डॉलर, याच्या आत. तो मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत जागा आणि गावाची संमती आणून त्याचं वार्षिक परवान्यात रूपांतर करावं लागतं. कित्येकांचं घोडं नेमकं इथे अडतं. हातात राज्याचं पत्र असतं आणि गाव मिळत नसतं. शिवाय मायक्रोबिझनेस नावाचा छोटा वर्ग आहे: १० पर्यंत कर्मचारी, २,५०० चौरस फुटांपर्यंत जागा, सगळे मालक राज्यात किमान २ वर्षं राहिलेले, आणि निम्म्याहून अधिक माणसं त्याच किंवा लगतच्या गावातली. गावकऱ्यांना हा वर्ग जवळचा वाटतो, कारण मालक त्यांना किराणाच्या दुकानात भेटतो. कमी भांडवलाच्या माणसाला मी हाच सुचवते. अल्पसंख्याक किंवा स्त्री-मालकीचा दाखला असलेल्या अर्जांना सीआरसी प्राधान्य देते, आणि आशियाई मूळ त्यात धरलं जातं. तो दाखला आधीच काढून ठेवा.

पाचवी पायरी : बोर्डासमोर

ठराव झाला की लोक पेढे वाटतात. त्यानंतर प्लॅनिंग बोर्ड असतं, म्हणजे जागेचा आराखडा तपासून मंजूर करणारं गावाचं मंडळ.

काउन्सिल आणि बोर्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काउन्सिल कायदे करते, त्यामुळे सदस्यांना पत्र लिहिणं, भेटणं, आपलं मत सांगणं हा तुमचा हक्कच आहे. बोर्डाची सुनावणी मात्र जवळजवळ कोर्टासारखी असते. साक्ष शपथेवर होते, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता येतात, आणि निर्णय फक्त सुनावणीत आलेल्या पुराव्यावर होतो. बोर्डाच्या सदस्याला सुनावणीआधी बाहेर गाठून बोलू नका, मग तुम्ही अर्जदार असा की विरोधक. तो सदस्य ओळखीचा असला तरी नाही. त्याला माघार घ्यावी लागेल आणि तुमचंच मत कमी होईल.

अर्जदार कंपनी किंवा एलएलसी असेल तर बोर्डासमोर वकील असायलाच हवा. मालकाने स्वतः उभं राहून चालत नाही. सुनावणीच्या किमान १० दिवस आधी २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालमत्ताधारकांना नोटीस पाठवावी लागते आणि जाहीर नोटीसही द्यावी लागते. मालकांची यादी गावाकडूनच मिळते. एक पत्ता सुटला तरी सुनावणी पुढे ढकलली जाते, आणि पुढची तारीख महिन्यानंतरची असते.

जागा ऑर्डिनन्सच्या सगळ्या अटींत बसत असेल तर काम प्लॅनिंग बोर्डापुढे, साइट प्लॅनवर होतं: पार्किंग, दिवे, प्रवेश, कचरा, फलक. एखादी मूळ अट पूर्ण होत नसेल, उदाहरणार्थ अंतर थोडं कमी पडत असेल, तर झोनिंग बोर्डाकडून व्हेरिअन्स (नियमातून सूट) मागावा लागतो आणि ते फार अवघड असतं. वापराच्या व्हेरिअन्सला सात सदस्यांच्या बोर्डात ५ होकारार्थी मतं लागतात. त्या संध्याकाळी पाचच सदस्य हजर असतील तर पाचही हवेत. अशा वेळी तुमच्या वकिलाला तारीख पुढे मागायला सांगा. घाईने मतदान घेऊन ४ विरुद्ध १ ने हरलेला अर्ज मी पाहिला आहे.

विरोध करायचा असेल तर

‘आमच्या मुलांचं काय होणार’ हे वाक्य प्रत्येक सुनावणीत येतं. भावना खरी असते, मीही तीच घेऊन गेले होते. पण कॅनाबिस विकावा की नाही हा प्रश्न बोर्डापुढे नसतोच. तो मतदारांनी आणि काउन्सिलने आधीच सोडवलेला असतो. बोर्डापुढे जागेचा प्रश्न असतो, म्हणून बोला ते जागेबद्दल. शाळा सुटण्याच्या वेळचे फोटो, पार्किंगमधून मागे येणाऱ्या गाड्या, फूटपाथ कुठे संपतो, अर्जदाराचा रहदारीचा अभ्यास कोणत्या दिवशी केला होता, हे विचारा. मी नुसतं एवढंच विचारलं होतं की रहदारी मोजली तो दिवस शाळेच्या सुट्टीचा होता का. होता. बोर्डाने नव्याने अभ्यास मागवला, आणि शेवटी दुकान आलं ते शाळेच्या बाजूचं प्रवेशद्वार बंद करूनच. मला त्या निकालाचं समाधान आहे.

ऑर्डिनन्सवर बोलायचं असेल तर काउन्सिलच्या दुसऱ्या वाचनाच्या सुनावणीला जा. प्रत्येक सभेत लोकांच्या बोलण्यासाठी वेळ ठेवणं गावावर कायद्याने बंधनकारक आहे. साधारण ३ ते ५ मिनिटं मिळतात, तेव्हा लिहून न्या. कागदपत्रं हवी असतील तर ‘ओप्रा’ कायद्याखाली क्लार्ककडे अर्ज करा. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच तो आहे, आणि सामान्यतः ७ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जदारांची गुणपत्रकं, पोलिसांचे अभिप्राय, सभांचे मिनिट्स मागता येतात. निर्णयाविरुद्ध सुपीरियर कोर्टात जायचं असेल तर मुदत फक्त ४५ दिवसांची असते. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी वकिलाला फोन करा.

सहावी पायरी : कर, हिशेब आणि गावाचा वाटा

कायद्याने किरकोळ विक्रीवर गावाला २ टक्क्यांपर्यंत कर लावता येतो, आणि तो लावायलाही वेगळा ऑर्डिनन्स लागतो. ग्राहकाने १०० डॉलरचा माल घेतला तर राज्याचा विक्रीकर ६.६२५ टक्के, आणि वर गावाचे २ डॉलर. हा कर पावतीवर वेगळा दाखवावा लागतो आणि थेट गावाकडे भरावा लागतो. वर्षाला ३० लाख डॉलरची विक्री झाली तर गावाला ६० हजार मिळतील. काउन्सिलच्या भाषणांत या रकमेचं मोठं स्वप्न रंगवलं जातं, म्हणून तिथल्या तिथे गुणाकार करून बघा. विरोधकांनी आणि समर्थकांनीही.

हा कर थकला तर तो दुकानाच्या जागेवर बोजा म्हणून चढतो. म्हणजे भाडेकरूने बुडवला तर मालकाच्या इमारतीला चिकटतो. जागामालक असाल तर कराच्या पावत्यांची प्रत दर तिमाहीला मागण्याची अट करारात घाला.

हिशेबाचं दुसरं ओझं केंद्राचं आहे. उत्पन्नकर कायद्याचं २८०ई कलम पहिल्या आणि दुसऱ्या परिशिष्टातल्या पदार्थांच्या व्यापाऱ्याला मालाच्या किमतीखेरीज बाकी खर्चाची वजावट देत नाही. भाडं, पगार, जाहिरात, काहीच वजा होत नाही. परिशिष्ट बदललं तर हे कलम लागत नाही, म्हणून यादीची त्या दिवशीची स्थिती काय ते कॅनाबिसचं काम करणाऱ्या अकाउंटंटला विचारूनच अंदाजपत्रक मांडा. मोठ्या बँका या धंद्याची खाती टाळतात. लहान बँका आणि क्रेडिट युनियन घेतात, पण फी आकारून. खातं उघडून मिळेल असं पत्र आधी हातात घ्या.

सातवी पायरी : दार उघडल्यावर

सीआरसीचा परवाना आला तरी गावाकडून बांधकाम तपासणी, अग्निशमन तपासणी आणि वापराचा दाखला बाकी असतो. काही गावांचा स्वतःचा स्थानिक परवानाही असतो, आणि त्याचं नूतनीकरण राज्याच्या तारखेशी जुळत नाही. दोन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. वेळ, फलकाचा आकार, काचेतून आतला माल दिसू न देणं, बाहेर रांग लागली तर ती कोण सांभाळणार, या अटी बोर्डाच्या मंजुरीपत्रात असतात आणि त्या मोडल्या तर गाव दंड करू शकतं. ते मंजुरीपत्र मॅनेजरच्या टेबलाच्या खणात नको, काउंटरमागे लावलेलं हवं. ग्राहकांना बसून सेवन करू देण्याची वेगळी जागा करायची असेल तर त्यालाही गावाची वेगळी संमती लागते. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

घरच्या मंडळींना एक गोष्ट जरूर सांगा. इथल्या दुकानातला माल बॅगेत घालून भारतात नेणं हा तिकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते गमीचं (कॅनाबिस घातलेल्या चघळायच्या गोळ्यांचं) छोटं पाकीट असलं तरी. इथली पावती मुंबई विमानतळावर उपयोगाची नाही.

आमच्या त्या गृहस्थांनी दुसऱ्या गावात पुन्हा सुरुवात केली. या वेळी आधी क्लार्ककडे गेले, ऑर्डिनन्सची प्रत घेतली, सर्व्हेयर नेला, आणि करारात रद्द होण्याचं कलम घातलं. गेल्या महिन्यात त्यांच्या ठरावावर पहिली चर्चा झाली. मी प्रेक्षकांत मागे बसले होते. पुढची सभा दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आहे, आणि त्यांनी रहदारी मोजली ती शनिवारी दुपारी, शाळा चालू असलेल्या आठवड्यात.